निळं कार्ड

"भाबी, आधी पट्टा गळ्यात घाला," विनीत शेट्ये म्हणाला. "मग हात कितीही थरथरू देत."

हाजराने पट्टा गळ्यात अडकवला. कॅमेऱ्याचं वजन छातीवर आलं तशी ती दचकली आणि तिने दोन्ही हातांनी त्याला खालून धरलं, तान्ह्या पोराला धरावं तसं. मारुती मंदिरजवळच्या त्या लहानशा दुकानात सगळीकडे काचाच काचा होत्या. आपल्या बुरख्याचं टोक कशाला लागलं आणि काही खाली आलं तर काय करायचं, हा विचार दुकानात पाऊल टाकल्यापासून तिच्या डोक्यात घोळत होता.

हाजरा होडेकर अशीच होती. कुकरची शिट्टी झाली की ती दोन पावलं मागे सरायची. भाट्याच्या पुलावरून एस.टी. जाताना खिडकीकडे पाठ करून बसायची. अवेळी फोन वाजला की तो उचलायला दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायची, आणि त्याला कारणही होतं. तिचा नवरा अयूब कुवेतला क्रेनवर कामाला होता. एका संध्याकाळी असाच फोन आला आणि तो छाती धरून पडल्याचं कळलं. वाचला, पण परत आला तो क्रेनवर पुन्हा चढायचं नाही ही ताकीद घेऊनच. आता तो मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात अर्धा दिवस बसायचा आणि उरलेलं घर हाजराच्या शिलाई मशीनवर चालायचं.

अशी बाई एकटी कॅमेऱ्याच्या दुकानात शिरली, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात बायकांच्या बाजूचे फोटो काढायला मुंबईहून एक मुलगी आणली होती. पुरुष फोटोग्राफर तिथे चालत नाही. ती मुलगी आली, जेवली, फोटो काढले, आणि तिचा हिशोब ऐकून भाचीच्या बापाने कपाळावर हात मारला. "रत्नागिरीत एक बाई असती तर," असं कुणीतरी म्हणालं. ते वाक्य हाजराच्या डोक्यातून जाईना. मोबाइलवर तिचे फोटो चांगले यायचे, हे सगळ्याच म्हणायच्या. यंदा भिशी लागली आणि ती इथे आली.

विनीतने काउंटरवर दोन गोष्टी मांडल्या. एका बाजूला नव्या कॅमेऱ्याचा चकचकीत खोका होता. आत दोन लेन्स, बॅग, तिपाई, सगळं एकत्र. दुसऱ्या बाजूला एक वापरलेला कॅमेरा. त्याच्या मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं.

"दुकानदार म्हणून मी तुम्हाला खोका विकायला हवा," तो म्हणाला. "पण लग्नाचं काम करायचंय ना? मग हा घ्या. हल्ली सगळे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांच्या मागे आहेत, त्यामुळे हे स्वस्तात सुटतात. वाचले ते लेन्सवर घाला. ही पन्नास एमएमची. हिला झूम नाही, जवळचं हवं तर आपण उठून जवळ जायचं. पण ही काळोखात बघते. बायकांच्या खोलीत एक ट्यूब असते नि तिच्याखाली पन्नास जणी."

"फ्लॅश नको?"

"आत्ता नको. आधी उजेड ओळखायला शिका. तिपाई तर अजिबात नको, गर्दीत कुणीतरी अडखळेल. बॅटरी मात्र दोन घ्या. आणि घट्ट झाकणाचा डबा. त्यात या पुड्या टाकायच्या, ओल शोषून घेतात. नाहीतर आपल्या पावसात लेन्सला बुरशी धरते."

"हा पडला तर?"

"पडतो. सगळ्यांचा एकदा पडतो." तो हसला. "भाबी, तुम्ही घाबरता ते बरं आहे. घाबरणारा माणूस पट्टा गळ्यात घालतो."

शेवटी कार्डांची गोष्ट निघाली. हाजराला एकच मोठं कार्ड हवं होतं, हरवायला नको म्हणून. विनीतने मान हलवली. "महागाच्या कॅमेऱ्यात दोन खाचा असतात. एकच फोटो दोन कार्डांवर उतरतो. यात खाच एकच. म्हणून दोन लहान घ्या. एक बिघडलं तरी अर्धं लग्न वाचेल." त्याने टपाल तिकिटाएवढी दोन कार्डं पुढे ठेवली, एक काळं नि एक निळं.

घरी अयूबने कॅमेरा हातात घेऊन खालीवर केला, नवं यंत्र बघावं तसा. "घेतलास ना? मग आता घाबरू नको."

"मी कायमच घाबरतंय," हाजरा म्हणाली. "घाबरत घाबरत करीन."

आणि तिने केलं. आधी सगळे फोटो काळे आले, मग सगळे पांढरे. राजिवड्याच्या खाडीवर सुकत घातलेली जाळी, भिशीतल्या बायका, बरण्या, अयूबचे झोपलेले पाय, तिने काही सोडलं नाही. हळूहळू उजेड कुठून येतो ते तिला कळायला लागलं. फोटो उतरवून घ्यायला ती विनीतच्या दुकानात जायची, कारण घरी कॉम्प्युटर नव्हता. विनीत एकेक फोटो बघून "हा ठेवा", "हा टाका" एवढंच म्हणायचा. ठेवायचे फोटो वाढत गेले.

पहिलं लग्न भिशीतूनच मिळालं. रुकय्याचं माहेर हाजराच्याच राजिवड्यातलं, सासर पूर्णगडला, पण भिशी तिने माहेरचीच चालू ठेवली होती. तिच्या मुलीचं, शिफाचं लग्न होतं.

"बघ हाजरा," रुकय्या म्हणाली, "मेंदीला पोरी मोकळ्या केसांनी नाचणार. आमच्या घरातले फोटो आमच्याच घरात रायले पायजेत."

"माझ्या हातातून ते फक्त तुझ्या हातात येतील," हाजराने सांगितलं. दुकानात फोटो उतरवतानाही विनीत उठून बाहेर थांबेल, हेही तिने ठरवून घेतलं होतं.

मेंदीच्या दिवशी दुपारीच पुरुषांना घरापुढच्या खळ्यातल्या मांडवात घालवून माजघराची दारं लावून घेतली गेली. पहिल्या अर्ध्या तासात हाजराच्या अंगाला घाम फुटला होता. मग तिने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि तिला एकेक चेहराच तेवढा दिसू लागला. शिफाचे कोपरापर्यंत रंगलेले हात. ताट वाजवणारी म्हातारी. वेण्या सोडून गोल फिरणाऱ्या पोरी. रुकय्याची मोठी जाऊ मैमुना गाणं म्हणत मध्ये उतरली, तेव्हा तर सगळ्या खोलीनेच ताल धरला. मैमुना पन्नाशीची, अलीकडे आजारपणातून उठलेली. नाचता नाचता तिची ओढणी डोक्यावरून घसरली. तिने ती लगेच सावरली, पोरींनी आवाज वाढवला, नाच तसाच पुढे चालू राहिला. हाजरा बटण दाबून तोवर खिडकीकडच्या एका लहानग्या मुलीकडे वळली होती.

रात्री ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या, निकाहाच्या आधी, तिने निळं कार्ड काढून काळं घातलं. निळं चेनच्या छोट्या पाकिटात, पाकीट पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीतल्या खुंटीला. लग्न पार पडलं. संध्याकाळी ती पूर्णगडहून एस.टी.त बसली तेव्हा तिच्या बोटांना अजून कॅमेऱ्याच्या बटणाची सवय होती. पावस मागे टाकलं आणि तिला वाटलं, कार्ड एकदा हाताला लागू दे.

पाकिटाची चेन लावलेली होती. आत काही नव्हतं.

तिने पर्स मांडीवर उलटी केली. किल्ल्या, रुमाल, गोळ्यांची पट्टी, दुसरी बॅटरी. बॅगेचे कप्पे चाचपले. लेन्सच्या टोपणाखालीसुद्धा पाहिलं.

"काय हरवलं गो?" शेजारच्या बाईने विचारलं.

"नाय. काय नाय."

कार्ड आपोआप बाहेर येत नाही, आणि आलं तर चेन लावून जात नाही. कुणीतरी घेतलं होतं. मांडवात इतकी माणसं होती, वाढपी होते, नवऱ्याकडचे होते. ते कार्ड आता कुणाच्या तरी मोबाइलला लागलेलं असेल. त्यातल्या पोरी एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर यायला लागल्या, केस सोडलेल्या, हसणाऱ्या, तिच्यावर भरवसा ठेवून हसलेल्या. भाट्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा खिडकीला पाठ करायचंही तिला सुचलं नाही.

अयूबने सगळं ऐकून घेतलं. "आज कुणाला बोलू नको," तो म्हणाला. "उद्या जाऊन शोधू. मिळालं तर प्रश्नच मिटला."

"आणि आजच कुणी पाठवलंन इकडे तिकडे तर?" हाजराने फोन उचलला. दोनदा चुकीचा नंबर लावला. शेवटी अयूबने लावून दिला.

रुकय्याने ऐकलं. पलीकडे मांडवातली भांडी आवरली जात होती. मग ती म्हणाली, "हाजरा, माझ्या पोरीचं आजच लग्न झालंय गो."

सकाळच्या पहिल्या गाडीने हाजरा पूर्णगडला गेली. तिने खोल्या झाडल्या, गाद्या उलटल्या, मांडवातला कचरा हाताने चाळला. दुपार झाली तशी ती उठली आणि म्हणाली, "ज्या ज्या घरातल्या बायका होत्या, त्या घरांत मी जातंय. सांगून येतंय."

"वेडी झालीस?" रुकय्या तिच्या अंगावर ओरडली. "गावभर बोभाटा करशील!"

"फोटो बाहेर पडला तर त्यांना तो दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसेल. त्याआधी माझ्या तोंडून कळू दे."

हाजराने आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. एका दारात पोरगी ऐकताऐकताच रडायला लागली, तिचं पुढच्या महिन्यात ठरायचं होतं. एका घरात म्हातारीने "तुला घरात घेतलं तिथेच चुकलं" म्हणून दार लोटून घेतलं. एकीने तिला बसवून चहा पुढे केला, आणि तो हाजराला सगळ्यांत जड गेला.

मैमुनाचं घर शेवटचं होतं. ती ओटीवर बसून होती, ओढणी कपाळापर्यंत घट्ट. हाजरा बोलत असताना ती तिच्याकडे न बघता खाली बघत राहिली.

"तू प्रत्येकीला सांगत फिरतेस?"

"हां, मैमुनाआपा."

"भीती नाय वाटत?"

"वाटते. पाय बघा माझे."

मैमुनाने पाहिलं. हाजराच्या सलवारीचा घोळ वारा नसताना हलत होता. मैमुना उठली, आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी पायरीवर सांडलं.

दोन दिवसांनी शिफाचा भाऊ यासीन राजिवड्यात आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. "खाला, वयानं मोठ्या आहात म्हणून गप आहे. पण माझ्या बहिणीचा एक जरी फोटो कुठं दिसला ना, तर हा कॅमेरा नि हे घर, दोन्ही बघून घेईन."

अयूब खुर्चीतून उठला. डॉक्टरने चिडायला मनाई केली होती, म्हणून तो हळू बोलला. "कार्ड गेलं ते तिनं स्वतः सांगितलंन. लपवलंन नाय. तुमच्या गावात दारोदार जाऊन शिव्या खाल्लन तिनं. आता चप्पल काढून आत ये, नायतर जा."

यासीन गेला. हाजरा दाराच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला अयूबच्या छातीची काळजी वाटत होती आणि त्याच वेळी, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, तो आपल्यासाठी असा कधी उभा राहिल्याचं आठवत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस तिने फोनकडे बघत काढले. मेसेज वाजला की ती हातातलं शिवण टाकून धावायची. एकदा कुणीतरी म्हणालं, एका ग्रुपवर मेंदीचा फोटो फिरतोय. तो मिळेपर्यंत तिने दहा जणींना फोन केले. फोटो निघाला भलत्याच गावातला, भलत्याच पोरींचा. त्या पोरींच्या आया आत्ता काय करत असतील, हे मनात आल्यावर तिने तो लगेच पुसून टाकला. शिलाईची गिऱ्हाइकं कमी झाली. भिशीला ती गेली की बायका बोलता बोलता थांबायच्या. रुकय्याने यासीनला पाठवून निकाहाचे फोटो मागवून घेतले, पैसे पाठवले, निरोप काही नाही. कॅमेरा डब्यात गेला. विनीतला तिने एकदा विचारलं, गेलेले फोटो परत काढता येतात म्हणतात, ते खरं का? तो वाईट वाटून म्हणाला, "येतात भाबी, पण कार्ड हातात असलं तर."

पाऊस सरत आला होता, तेव्हा मैमुनाचा फोन आला. "ये एकदा," एवढंच बोलली.

हाजरा गेली. एस.टी.त तिने सगळं मनात उभं करून ठेवलं होतं. फोटो सापडला असणार, कुणीतरी पाहिला असणार, आता गाव जमलेलं असणार. प्रत्यक्षात मैमुना परसदारी एकटी होती, पाटावर बसून अळूची पानं पुसत होती. आधीपेक्षा खूपच वाळली होती.

"बस," ती म्हणाली. "कार्ड मी घेतलं होतं."

हाजरा उभीच राहिली.

"निकाहाच्या सकाळी. तू ते पाकिटात घालताना मी बघितलं होतं, तू नहायला गेलीस तेव्हा काढलं. बाहेर बिर्याणीच्या डेगी चढल्या होत्या, तिथल्या चुलाणात टाकलं. माझी ओढणी पडली होती ना? घरातल्या बायकांना माहीत होतं, औषधानं केस गेलेत ते. पण माझा झील कतारला आहे. त्या पोराला तेव्हा सांगितलेलं नव्हतं. कळलं असतं तर नोकरी टाकून धावत आला असता, आणि इतकं कर्ज काढून गेलाय तो. तू मशीन माझ्याकडे धरलेलं होतंस. मला वाटलं, हा फोटो फिरत फिरत त्याच्या मोबाइलवर जाईल. मला दुसरं काय सुचलंच नाय."

हाजराला राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्या आधी ती तिथेच पायरीवर बसली. इतके महिने तिला कुणाच्या तरी मोबाइलमध्ये दिसणाऱ्या त्या पोरी कुठेच नव्हत्या. कुणीच त्यांना पाहत नव्हतं.

"मी दारात आले होते आपा," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही पाणी दिलंत मला."

"दिलं. सांगणार होते. तोंडातून शब्द फुटला नाय." मैमुनाने पान बाजूला ठेवलं. "तुझे पाय मात्र डोळ्यांसमोरून गेले नाय. म्हणून आता जाऊन आले. रुकय्याला सांगितलं, यासीनला सांगितलं, तू गेलेलीस त्या सगळ्या घरांत गेले. म्हातारीनं माझ्याही तोंडावर दार लावलंन." ती किंचित हसली. "झिलालाही सांगितलं काल. तो रडला. मग मी त्याला ओरडले."

परसातल्या माडावरून पाणी थेंबथेंब गळत होतं. मैमुनाला पुढच्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूरला जायचं होतं, औषधाची दुसरी फेरी सुरू करायला. ते तिने असंच, पानं पुसता पुसता सांगितलं.

मग तिने विचारलं, "तो फोटो तू बघितला होतास?"

"बघितला. बटण दाबल्यावर मागे दिसतो."

"कशी दिसत होते मी?"

हाजराने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलावं का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"ओढणी खांद्यावर होती," ती म्हणाली. "डोकं मागे टाकलेलं. खिडकीतला उजेड सगळा तुमच्या डोक्यावर पडला होता."

"टक्कल दिसत होतं?"

"दिसत होतं. तुम्ही डोळे मिटले होते. तोंड उघडं, एवढं मोठं. हसत होतात. हसताना मागची दाढसुद्धा दिसली असती."

"मागची दाढ नाय मला. काढली."

"मग ती फट दिसत होती."

मैमुना मोठ्याने हसली आणि लगेच तिने ओढणीच्या पदराने तोंड झाकलं. बराच वेळ तिने पदर काढला नाही. हाजरा दुसरीकडे बघत राहिली.

"माझ्या बाजूला कोण होतं?" शेवटी मैमुनाने पदराआडूनच विचारलं.

"शिफा. मेंदी पुसू नये म्हणून हात वर धरले होते तिनं. तुमच्याकडेच बघत होती."

"आणि मागे?"

हाजराने बाजूचं एक पान उचललं, पुसायला घेतलं, आणि मागे कोण कोण होतं ते ती सांगू लागली.